उरलेलं कापड

मापाशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. आयुष्यात एवढा एकच माज केला, बाकी सगळीकडे मान खाली घालून वागले. आणि नेमका तोच माज सोडा, असं सांगायला यंदा कारखान्याचे साहेब माझ्या दारात आले.

“मावशी,” बूट काढता काढता ते म्हणाले, “यंदा मापं घ्यायचा त्रास घेऊ नका. गेल्या वर्षीच्या वहीवरून शिवून टाका. मुलं तीच, शाळा तीच.”

“मुलं तीच असली तरी वाढतात, साहेब.”

“वाढतात हो,” ते हसले. “पण वर्षात अशी किती वाढणार?”

या साहेबांचं खरं नाव मोठं लांबलचक आहे, पण आमच्या दोन्ही गल्ल्या त्यांना हसतमुख म्हणतात. कारखान्यात त्यांचं काम एकच, आमच्याशी चांगलं वागणं. त्याचाच पगार घेतात. आणि मी कुचकेपणाने नाही सांगत, काम मन लावून करतात. कुणाच्या सासूचा गुडघा दुखतो, कुणाचा मुलगा गणितात कच्चा, सगळं त्यांना तोंडपाठ. गल्लीतले दिवे त्यांनी लावून दिले, शाळेची बाकं दिली, महिन्याला दवाखान्याची गाडी पाठवतात. माझा जावई अपघातात गेला तेव्हा तेराव्या दिवसाच्या आत माझ्या लेकीला पॅकिंगमध्ये नोकरी लावून दिली. ते उपकार मी विसरलेली नाही. विसरता आले असते तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडतात आणि त्यातलं शिसं वितळवतात. आम्ही राहतो त्या खालच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं एक माणूस तिथे आहे. पाच वर्षांपूर्वी कारखान्याने ठरवलं की शाळेतल्या सगळ्या मुलांना दरवर्षी गणवेश द्यायचा आणि तो बाहेरून तयार न आणता इथल्याच शिंपिणीकडून शिवून घ्यायचा. ती शिंपीण म्हणजे मी. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. मीही चढून बसले, खोटं कशाला बोलू?

माझी शिवायची एक पद्धत आहे. फ्रॉक असो की पँट, खालच्या दुमडीत चार बोटं कापड राखून ठेवते. वर्षाच्या मध्यावर आया येतात, म्हणतात, “आखूड झालं हो, जरा सोडून द्या.” मी टीप उसवते, दुमड सोडते, इस्त्री मारून परत देते. काही मुलांचे कपडे वर्षातून दोनदा येतात. मी त्या आयांना चिडवते, “लेकराला काय खतपाणी घालताय की काय?” त्या लाजतात, पण मनातून खूश होतात. मूल वाढतंय हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कोणाला आवडत नाही?

यंदा वरच्या गल्लीतल्या आया नेहमीसारख्या आल्या. खालच्या गल्लीतून एकही आली नाही. गेल्या वर्षीही दोघीतिघीच आल्या होत्या. मी म्हटलं, आळशी झाल्या असतील, नाहीतर घरीच सुईदोरा घेऊन बसत असतील. माझं काम वाचलं म्हणून बरंच वाटलं. त्या बरं वाटण्याची आज लाज वाटते.

साहेब गेले आणि मी टेप गळ्यात घालून शाळेत गेले. सांगितलं म्हणून ऐकणाऱ्यातली मी नाही. व्हरांड्यात स्टूल टाकलं, नवी वही उघडली आणि पहिलं माप घरच्या गिऱ्हाइकाचं घेतलं. चिमी माझी नात. आठ वर्षांची, तोंडाने अठरा वर्षांची.

“आजी, गुदगुल्या करू नको.”

“मग सरळ उभी राहा. पाठीला काय बाक आलाय म्हातारीसारखा?”

“पोटात दुखतं.”

“रोज शाळेच्या वेळेलाच बरं दुखतं गं तुझं पोट.”

खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं, वहीत लिहिलं आणि सवयीने गेल्या वर्षीची वही उघडून शेजारी ठेवली. आकडा तोच होता. बाही बघितली. तीही तीच. छातीत जेमतेम पाव इंचाचा फरक. मला वाटलं मीच चुकले. परत घेतलं. मग पुढची मुलगी, मग तिचा भाऊ, मग दूधवालीचे दोघे. सगळ्यांचे आकडे मागच्या पानावरून उतरवल्यासारखे.

आमच्या धंद्यात अशा वेळी पहिला संशय टेपवर घ्यायचा. कापडी टेप वापरून वापरून ताणते, मग माप कमी दाखवते. माझी टेप सात वर्षं जुनी, तिचे आकडेही पुसत आले होते. मी स्वतःवरच हसले. म्हटलं, म्हातारे, टेप बदलायची अक्कल नाही आणि निघालीस साहेबाला शिकवायला. दुपारी बाजारात जाऊन नवी टेप आणली. दोन्ही टेपा टेबलावर शेजारीशेजारी पसरल्या. जुनी साठ इंचांत अर्धा इंच ताणली होती. फार नाही, पण दोष टेपेवर ढकलायला तेवढं पुरे वाटलं. माझ्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी नव्या टेपेने पहिल्यापासून सगळी मुलं मोजली.

वरच्या गल्लीतली मुलं दीड-दीड इंच वाढली होती. दोघं तर दोन इंच. खालच्या गल्लीतली एकेचाळीस मुलं होती तिथेच होती. मी त्याच्याही मागच्या वह्या काढल्या. पहिली दोन वर्षं दोन्ही गल्ल्या सारख्याच वाढत होत्या. तिसऱ्या वहीपासून खालची गल्ली थांबली होती. एका घरातली नाहीत, दोन घरांतली नाहीत, सगळी मुलं एकदम.

त्या वर्षी काय झालं होतं हे आठवायला मला वही लागली नाही. त्या वर्षी मैदान झालं होतं.

खालच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी खाचखळग्यांची पडीक जागा होती. कारखान्याने ट्रकवर ट्रक भरून ती भरून दिली, वर रोलर फिरवला, झोके उभे केले. फीत कापताना हसतमुख म्हणाले होते, “आमच्या अंगणातली माती तुमच्या लेकरांच्या पायाखाली.” आम्ही टाळ्या वाजवल्या. माती काळपट राखाडी, मऊ, पडलं तरी खरचटत नाही अशी. खालची पोरं शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत तिथेच. वरच्या गल्लीतल्या आया मोठा रस्ता ओलांडायचा म्हणून मुलांना पाठवत नसत, आणि आमच्यावर जळत असत. “तुमचं बाई बरं आहे, तुम्हाला मैदान,” असं मला किती जणींनी ऐकवलं असेल.

त्या संध्याकाळी मी चिमीचे हात घासून धुतले. नखांतली काळी रेघ निघेना.

“ही माती हाताला इतकी कशी चिकटते गं?”

“चाटली की जाते,” ती म्हणाली.

“चाटतेस?”

“सगळेच चाटतात. गोड असते ती.”

मी ब्रश बाजूला ठेवला आणि आधी तिला चूळ भरायला लावली. मला शाळा फारशी नाही, पण माझा नवरा तीस वर्षं छपाईत होता, शिशाचे खिळे, म्हणजे छापायची अक्षरं, जुळवायचा. जेवणाआधी हात धुतल्याशिवाय त्याचा मालक डब्याला हात लावू द्यायचा नाही. शिशाला गोडसर चव असते आणि ते एकदा पोटात गेलं की परत निघत नाही, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. मग बाकीचंही आठवलं. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या गाडीने मुलांचं रक्त घेतलं होतं. फक्त खालच्या गल्लीतल्या मुलांचं. रिपोर्ट येतील, येतील म्हणता म्हणता आले नाहीत. आणि आता साहेब सांगत होते, मापं घेऊ नका.

लेक कामावरून आली तेव्हा मी पाचही वह्या तिच्यापुढे टाकल्या. तिने उभ्याउभ्याच बघितल्या.

“आई, काही मुलं उशिरा वाढतात.”

“एकेचाळीस?”

“मग मी काय करू? नोकरी सोडू? घर कशावर चालवू, तुझ्या शिलाईवर? ती शिलाई तरी कोण देतं?” तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. “तू बोलू नकोस काही. माझी शपथ आहे.”

“चिमीला मैदानावर पाठवायचं नाही उद्यापासून.”

“नाही पाठवत,” ती म्हणाली. पण वह्यांकडे परत बघितलं नाही. तिला मीच मोठं केलंय, ती घाबरली की भांडी घासायला लागते. त्या दिवशी तिने घासलेली भांडी परत घासली.

चार दिवसांनी हसतमुख पुन्हा आले. हातात बिस्किटांचा पुडा आणि चिमीसाठी रंगपेटी. “मावशी, तुमच्या जुन्या वह्या द्या बरं. कारखान्याच्या कार्यक्रमात मांडून ठेवायच्या आहेत. पाच वर्षांचा आपला संबंध, लोकांना दिसू दे.”

“मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट आले का, साहेब?”

“येतील.” हसू तसंच होतं. “तुम्ही मापं घेतलीत म्हणे शाळेत. ऐकत नाही तुम्ही.”

“सवय.”

“चांगली सवय आहे.” त्यांनी चिमीच्या डोक्यावरून हात फिरवला. “तुमच्या लेकीला पॅकिंगमधून ऑफिसात घ्यायचं चाललंय. मीच शब्द टाकलाय. एकटी बाई, लहान मूल, तिला कसली अडचण येता कामा नये. हो ना?”

आवाजात एवढासाही कडकपणा नव्हता. धमकी दिली असती तर मी तिथल्या तिथे त्यांचा पाणउतारा केला असता. त्यांनी काळजी केली, आणि काळजीला उलट उत्तर कसं द्यायचं हे मला कधीच जमलं नाही. मी चार वह्या काढून दिल्या. त्यांनी त्या कापडात गुंडाळून छातीशी धरल्या, बूट घातले, दारातून वळून म्हणाले, “नवी वही पण कार्यक्रमानंतर पाठवा.”

मी दार लावलं आणि स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. पुरावा म्हणतात तो मी बिस्किटांच्या पुड्यावर देऊन बसले होते. नवी वही घेऊन कुणाकडे जायचं? मास्तरीणबाईंकडे गेले, तर त्यांनी नव्या बाकांकडे बघत सांगितलं की आपण आपल्या कामाशी काम ठेवावं. बाजारातल्या डॉक्टरांनी चिमीचं पोट दाबून बघितलं, रक्त तपासायची चिठ्ठी लिहिली आणि वर म्हणाले, “माझं नाव मध्ये आणू नका, आजी.” ज्याला त्याला कारखान्याने काही ना काही दिलेलं होतं.

शेवटी मी मशीनवर बसले. माझ्या हातात एवढंच होतं.

वरच्या गल्लीचे गणवेश मापाबरहुकूम शिवले. खालच्या गल्लीचे एकेचाळीस शिवताना प्रत्येक आकड्यात दोन वर्षांची वाढ मिळवली, वरची मुलं जेवढी वाढली तेवढीच, एक सूतही जास्त नाही. फ्रॉकच्या लांबीत तीन इंच, बाहीत दोन, कंबरेत एक. दुमडीत राखायची ती चार बोटं वेगळी. शिवताना प्रत्येक मूल डोळ्यापुढे यायचं, जसं असायला हवं होतं तसं. दूधवालीचा थोरला मला त्या कपड्यात चांगला उंच दिसला. चिमीचा फ्रॉक सगळ्यात शेवटी घेतला, आणि त्याची टीप तीनदा वाकडी गेली. मी रडत होते, दुसरं काय.

कार्यक्रम सकाळी शाळेच्या पटांगणात होता. दरवर्षीचा रिवाज असा की मुलांनी वर्गात नवे कपडे घालायचे, ओळीने बाहेर यायचं आणि पाहुण्यांबरोबर फोटो काढायचा. पुढच्या खुर्च्यांवर कारखान्याची मोठी माणसं, मागे आमच्या दोन्ही गल्ल्या, डाव्या अंगाला कारखान्याच्या निळ्या कपड्यांत कामावरची मंडळी. माझी लेक त्यांच्यात. टेबलावर माझ्या चार वह्या हारांमध्ये मांडलेल्या, वरून दोरीने बांधलेल्या. मला पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची दिली होती.

आधी वरच्या गल्लीची मुलं आली, ताठ, नीटनेटकी. मग खालची. बाह्यांत हात बुडालेले, फ्रॉक पोटऱ्यांपर्यंत, पँटी टाचांखाली घोळणाऱ्या. एक पोरगा अडखळून पडला. आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळं पटांगण हसलं. मुलंही हसली. चिमीने दोन्ही बाह्या हवेत फडफडवून दाखवल्या.

“आमच्या मावशींचा हात यंदा जरा सैल पडला वाटतं!” हसतमुख माईकवर म्हणाले. पुन्हा हशा. मी उठले. त्यांना वाटलं मी माफी मागणार. माईक त्यांनी स्वतःच माझ्यासमोर धरला.

मी म्हटलं, “हात सैल पडलेला नाही. दोन्ही गल्ल्यांचे कपडे एकाच हिशेबाने शिवलेत. वरची मुलं दोन वर्षांत जेवढी वाढली, तेवढी खालची वाढली असती तर हे कपडे त्यांना बरोबर बसले असते. मैदान झाल्यापासून ती वाढलेली नाहीत. ती माती पोरं चाटतात, गोड लागते म्हणून. त्यांचं रक्त नेलंय, पण रिपोर्ट दिलेले नाहीत. आयांनो, आपापल्या लेकराचं उरलेलं कापड मोजून बघा. जेवढं कापड उरलंय, तेवढं लेकरू कमी आहे.”

कोणी हसलं नाही.

“वाढत्या अंगाची आहेत,” हसतमुख शांतपणे म्हणाले आणि माईक स्वतःकडे घेतला. “होतील की मोठी!” त्यांनी टाळी वाजवली. पुढच्या खुर्च्यांनी वाजवली. मग निळ्या कपड्यांनी, एकेकाने, आजूबाजूला बघत. माझ्या लेकीनेही वाजवली. ती मी पाहिली, आणि तिने मला पाहिलं.

“आणि आता ज्याची सगळे वाट बघत होते ते,” त्यांनी आवाज चढवला. “वरच्या गल्लीची तक्रार होती, मैदान फक्त खालच्यांना. खरी तक्रार होती! म्हणून कारखाना या शाळेच्या पटांगणातच दुसरं मैदान करून देतोय. दोन्ही गल्ल्यांच्या मुलांसाठी. काम आजपासूनच!”

त्यांनी फाटकाकडे हात केला. बाहेर ट्रक उभा होता, ताडपत्री सोडलेली, आत तीच काळपट माती. वरच्या गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. थोड्या वेळापूर्वी माझं बोलणं ऐकलेल्या त्याच बायका होत्या त्या. मी खाली बसले. मला वाटलं, संपलं.

मुलं ट्रक बघायला धावली. चिमी फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी वर धरून सगळ्यांच्या पुढे. तेवढ्यात माझी लेक रांगेतून उठली. चालत गेली, चिमीला दंडाला धरून थांबवलं आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. फ्रॉकची खालची कड हातात घेतली आणि गुडघ्यापासून खाली बोटं लावत गेली. बोटांनी मोजायला तिला मीच शिकवलं होतं, ती चिमीएवढी असताना. एक, दोन, तीन, चार. ती थांबली. परत पहिल्यापासून मोजलं. मग चिमीची बाही मोजली. मग तिने कपाळ पोरीच्या पोटावर टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दूधवालीने आपल्या थोरल्याला जवळ ओढलं आणि त्याच्या पँटीचं टाचेखालचं कापड बोटांनी मोजलं. आणखी एकीने मोजलं.

ट्रकने हॉर्न दिला. शिपायाने फाटक उघडलं. माझी लेक उठली, चिमीला उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवलं. तशीच कारखान्याच्या निळ्या कपड्यांत फाटकाकडे गेली आणि ट्रकच्या तोंडाशी जमिनीवर बसली.

“ताई, उठा,” हसतमुख माईकवरून म्हणाले. अजून हसत होते. “तुमच्या नोकरीचा विचार करा. मुलीचा विचार करा.”

“तोच करतेय,” ती म्हणाली. तिच्याकडे माईक नव्हता, पण ऐकू आलं.

हॉर्न परत वाजला, या वेळी लांब. ट्रक हातभर पुढे सरकला. ती उठली नाही. मी चिमीला मास्तरीणबाईंच्या मांडीवर दिलं, त्यांनी घेतलं, आणि टेबलावरच्या माझ्या चार वह्या दोरीसकट काखेत मारल्या. मला आता जमिनीवर बसवत नाही, गुडघे ऐकत नाहीत. तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि शेजारी बसले. चाक इतकं जवळ होतं की त्याची ऊब तोंडाला लागत होती.